बान्शीचा एक्झॉस्ट गळतोय: ओ-रिंगच्या आधी काय बघाल

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. चुकीचं वाटलं तर दुरुस्त करा.

गाडी २००४ ची यामाहा बान्शी, म्हणजे रेतीत पळवायची चारचाकी टू-स्ट्रोक क्वाड, शारजात जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने कंपनीचे पाइप काढून बाहेरचे रेसिंग पाइप बसवलेत. उजव्या सिलिंडरपाशी, जिथे पाइप फ्लँजवर (सिलिंडरला बोल्टने बसवलेल्या तोंडावर) चढतो, तिथून काळं तेल गळतं. डावी बाजू बऱ्यापैकी कोरडी आहे. त्या जोडातल्या ओ-रिंग (रबरी कड्या) दोनदा बदलल्या, दुसऱ्या वेळी लाल सिलिकॉनही सढळ हाताने लावलं, तरी अल बदायरच्या रेतीत एक दिवस फिरवली की पुन्हा तेच. थ्रॉटल सोडला की पाइपमधून फटफट आवाज येतो. पुढच्या महिन्यात अबू धाबीतल्या लिवाच्या वाळवंटात जायचं आहे. तुमचे प्रश्न दोन: कोणतं सिलिकॉन वापरू, आणि तोवर गाडी चालवू का?

सिलिकॉनचं उत्तर मी देणार आहे, पण ते सर्वात शेवटचं आणि सर्वात छोटं काम आहे. दोनदा नवीन ओ-रिंग घालूनही त्याच जागी गळत असेल, तर दोष ओ-रिंगमध्ये नाही. एक तर पाइप जागेवर नीट बसत नाही आणि रिंगला मारतो, नाहीतर त्या पाइपमध्ये मुळातच गरजेपेक्षा जास्त तेल येतंय. दोन्ही एकत्रही असू शकतं. फक्त उजवी बाजू गळते हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या वर्णनात तेच सर्वात महत्त्वाचं वाक्य आहे. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

मी कोल्हापुरात आरएक्स आणि येझदीवर हात बसवला, नंतर बरीच वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात क्वाडची इंजिनं खोलली. बान्शीचं इंजिन आपल्याकडच्या माणसाला परकं वाटू नये. १९८३ पासून आपल्याकडे राजदूत ३५० म्हणून जी आरडी आली, तिच्या पाण्याने थंड होणाऱ्या पुढच्या पिढीतलं हे इंजिन. तेच ६४ मिलिमीटर बोअर, ५४ मिलिमीटर स्ट्रोक, तेच ३४७ सीसी, दोन सिलिंडर, एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. १९८७ साली बान्शी बाजारात आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. आखातातल्या रेतीत ती अजून जिवंत आहे, कारण टू-स्ट्रोकसारखी उसळी मारून रेतीची चढण चढणारं दुसरं हलकं इंजिन सहज मिळत नाही.

आता गळती इतकी मनावर का घ्यायची? फोर-स्ट्रोकच्या सायलेन्सरला भोक पडलं तर मुख्यतः आवाज वाढतो. टू-स्ट्रोकमध्ये पाइप हा इंजिनाचाच भाग आहे. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू बाहेर सोडणारं भोक, उघडला की दाबाची लाट पाइपमध्ये सुटते. पाइप जिथे रुंदावत जातो तिथून ओढणारी लाट परत येते आणि ट्रान्सफर पोर्टातून (मिश्रण आत आणणाऱ्या भोकांतून) ताजं मिश्रण वर यायला मदत करते. त्यातलं थोडं पाइपमध्ये निसटतंच. पुढे पाइप जिथे निमुळता होतो तिथून दाबाची लाट उलटी फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत ते निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात ही विद्या रेसिंगसाठी पक्की केली. १९६१ साली त्यांचा रायडर एर्न्स्ट डेगनर पळून सुझुकीकडे गेला आणि ती विद्या जपानला पोचली. तुमच्या बान्शीचे फुगीर पाइप त्याच घराण्यातले. सिलिंडरला लागूनच फट असेल तर दोन्ही लाटा तिथे कमजोर होतात. गाडी चालते, पण वरच्या आरपीएमला जी ओढ हवी ती मिळत नाही. ओढणारी लाट येते तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत जाते, पाइपमधल्या न जळलेल्या मिश्रणात मिसळते, आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट होते. म्हणजे तुमची फटफट या गळतीमुळे असू शकते. मात्र तिला दुसरं, जास्त गंभीर कारणही असू शकतं.

सुरुवात इथून करा. गाडी थंड असताना दोन्ही जोड, फ्लँज आणि सिलिंडरचा पुढचा भाग स्वच्छ धुऊन कोरडा करा. मग त्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवा. गाडी सुरू करून गरम होऊ द्या, पाच-दहा मिनिटं हलक्या हाताने चालवा आणि बंद करून बघा. पावडर ओली, चकचकीत काळी झाली असेल तर तेल झिरपतंय. पावडर उडून कोरड्या करड्या काजळीचा पंखा उमटला असेल तर गॅस सुटतोय. ओलेपणा वरून खाली ओघळत आला असेल, वास गोडसर असेल किंवा रंग हिरवट असेल, तर ते कूलंट आहे, हेडच्या जोडातून येतंय, आणि एक्झॉस्टचा त्याच्याशी संबंध नाही. ओल सिलिंडरच्या बुडाशी, केसिंगच्या जोडापासून सुरू झाली असेल तर बेस गॅस्केट बघावं लागेल. हे सगळे ओघळ फ्लँजच्या खाली एकत्र होतात आणि रेती चिकटली की एकसारखेच दिसतात. म्हणून न धुता केलेलं निदान मी मानत नाही.

समजा तेलच आहे. तर एवढं तेल आलं कुठून?

दोन्ही बाजू सारख्याच ओल्या असत्या तर मी म्हटलं असतं, जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) मोठे आहेत, गाडी थंडच पिटाळली जाते, किंवा मिश्रणात तेल जास्त आहे. हे फार सर्रास आढळतं. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या हिवाळी पहाटेच्या तुलनेत त्या हवेची घनता साधारण ९ ते १० टक्क्यांनी कमी असते. हिवाळ्यात बरोबर लागलेला जेट उन्हाळ्यात रिच होतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, आणि न जळलेलं तेल पाइपमध्ये साचतं. त्यात काही जण भीतीपोटी तेल वाढवतात. मी ३२ ला १ चालवतो, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला साधारण ३१२ मिली, आणि चांगलं सिंथेटिक तेल असेल तर मनोरंजनाच्या वापराला ते पुरतं. तुमच्या इंजिनात वाढीव पोर्टिंग असेल, रेसिंगचं अल्कोहोल इंधन असेल, किंवा तेलाच्या डब्यावर वेगळं प्रमाण छापलेलं असेल, तर ते प्रमाण पाळा. फक्त एक लक्षात घ्या: तेल वाढवलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा घटतो. म्हणजे जास्त तेलाने गाडी थोडी लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि पाइपही जास्त गळतो.

पण तुमची एकच बाजू गळते, आणि तीही उजवी. बान्शीत उजवीकडे क्लच आहे. क्रँकशाफ्टचं उजवं सील क्रँककेस (पिस्टनखालची बंद खोली) आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसतं. ते सील गेलं की पिस्टन वर जाताना क्रँककेसमधली पोकळी गिअरबॉक्सचं तेल आत ओढते. ते तेल जळायला बनलेलं नाही. अर्धवट जळून काळं, दाट होतं आणि उजव्या पाइपमध्ये उतरतं. वरून ओ-रिंग कितीही चांगली घाला, ते कुठून तरी बाहेर पडणारच. जोडातून नाही पडलं तर सायलेन्सरमधून पडेल.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. उजवा ओला आणि काळा, डावा तपकिरी असेल तर संशय पक्का. गिअर ऑइलची पातळी बघा, गेल्या बदलानंतर बाहेर कुठे गळती नसताना ती कमी झाली आहे का? गरम गाडीला रेस दिल्यावर उजव्या सायलेन्सरमधून डाव्यापेक्षा जास्त, रेंगाळणारा धूर येतो का? याची उत्तरं हो येत असतील तर पुढे एक्झॉस्टला हात लावू नका, आधी प्रेशर टेस्ट करा. अर्थात उजव्या कार्ब्युरेटरचा फ्लोट अडकला असेल किंवा त्या बाजूला आधीच्या मालकाने वेगळा जेट टाकला असेल, तरी उजवा प्लग काळा दिसेल. पण तेव्हा गिअर ऑइल कमी होणार नाही. दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट नंबर वाचून बघायला अर्धा तास लागतो. तेवढं करा.

प्रेशर टेस्ट अशी. पाइप काढून दोन्ही फ्लँजमध्ये रबरी बूच घट्ट बसवायचे. कार्ब्युरेटर काढून एका इनटेक रबरात बूच, दुसऱ्यात हवा भरायचा निपल आणि छोटं गेज. दोन्ही बाजूंची चाचणी एकदमच होते. दाब फक्त ६ पीएसआय, म्हणजे साधारण ०.४ बार. सायकलच्या हातपंपाने भरा. टायरचा मोठा कॉम्प्रेसर जोडू नका, जास्त दाबाने चांगली सीलं जागेवरून सरकतात. सहा मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी मारून शोधायचं: बेस गॅस्केट, इनटेकचे जोड, डावीकडे मॅग्नेट काढून तिथलं सील. उजवं सील कव्हरच्या आत आहे, ते दिसत नाही. पण गिअरबॉक्सच्या ब्रीदर (हवा सोडणाऱ्या) नळीचं टोक पाण्यात धरा. बुडबुडे आले तर उजवं सील गेलं. यात शंका उरत नाही.

ही टेस्ट मी इतक्या आग्रहाने का सांगतोय? जोडातली एक्झॉस्टची गळती सहसा इंजिन मारत नाही, ताकद खाते. क्रँककेसला किंवा इनटेकला हवा ओढणारी गळती मात्र मिश्रण लीन करते आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन वितळवते. डावीकडचं मॅग्नेटमागचं सील, इनटेकचं तडकलेलं रबर ही त्यातली नेहमीची ठिकाणं. थ्रॉटल सोडल्यावरची फटफट या गळतीचंही लक्षण असते. तुमची गाडी थ्रॉटल सोडल्यावर लगेच आयडलला येते, की आरपीएम वर टांगून राहून सावकाश उतरतात? टांगून राहत असतील तर मी ती गाडी टेस्टशिवाय एक किलोमीटरही चालवणार नाही. आणि ही प्रेशर टेस्ट पाइप काढून होते, त्यामुळे ती पास झाली म्हणजे एक्झॉस्टचा जोड ठीक असा अर्थ काढू नका. जोडाची तपासणी वेगळी.

ती अशी. ज्या बाजूचा जोड बघायचा त्या बाजूचा पिस्टन वर, टॉप डेड सेंटरला आणा. पिस्टनच्या स्कर्टने (खालच्या भागाने) एक्झॉस्ट पोर्ट झाकला जातो. मग व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू चिंधी गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडाला लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. दाब अगदी थोडा असतो, तो पुरतो. फ्लँज आणि सिलिंडरच्या मधे, फ्लँज आणि पाइपच्या मधे, पाइपच्या प्रत्येक वेल्डवर, माउंटिंगच्या पट्ट्या जिथे वेल्ड केल्या आहेत तिथे, आणि पाइप-सायलेन्सरच्या जोडावर बघा. बुडबुडे नक्की कुठे येतात त्यावर पुढचं काम ठरतं.

आता पाइप कसा बसतो ते, कारण बहुतेक गाड्यांचं खरं दुखणं इथेच असतं. उजवा पाइप काढा. स्प्रिंगा स्प्रिंग-पुलरने काढा, डोळ्यांवर चष्मा हवा, सुटलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते. फ्लँजवरच्या दोन्ही ओ-रिंग काढून टाका आणि पाइप कोरडाच फ्लँजवर चढवून हलवून बघा. खडखड हलतो का? रेतीत चालणाऱ्या गाडीत इथे एक खास प्रकार होतो. जोडातून झिरपलेल्या तेलाला बारीक रेती चिकटते, आणि इंजिनाच्या थरथरीने तो लेप पॉलिश पेपरचं काम करतो. फ्लँजचा बाहेरचा घेर आणि पाइपचा आतला घेर दोन्ही झिजतात, आणि सगळीकडून सारखे झिजत नाहीत, लंबगोल होतात. म्हणून व्हर्नियरने एकाच ठिकाणी माप घेऊन उपयोग नाही. आडवं, उभं आणि तिरकं, तिन्ही घ्या.

मापांचं काय करायचं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा ओ-रिंगची जाडी ३ मिलिमीटर आणि खोबणीची खोली २.२. म्हणजे रिंग खोबणीबाहेर ०.८ डोकावते. नवीन पाइपची फट एका बाजूला ०.२ असेल तर रिंग ०.६ ने दबते, म्हणजे जाडीच्या २० टक्के. उत्तम. झिजून तीच फट ०.५ झाली तर दाब उरतो ०.३, जेमतेम १० टक्के. थंड गाडीत तेवढ्यावर जोड कोरडा दिसेल, पण गरम होऊन थरथरायला लागला की गळेल. स्थिर जोडात १५ ते २५ टक्के दाब मिळाला पाहिजे असं मी धरतो. तुमच्या फ्लँजची मापं घ्या, गणित आपोआप सांगेल. फट मोठी असेल तर नवीन फ्लँज घ्या. या पाइपांसाठी फ्लँज, गॅस्केट आणि ओ-रिंगचा संच वेगळा मिळतो. पाइपचं तोंडच लंबगोल झालं असेल तर लेथवर बनवलेल्या गोल मँड्रेलवर हलक्या हाताने ठोकून ते गोल करता येतं. जाड रिंग घालून भागवायला जाऊ नका. ती चढवतानाच खोबणीच्या कडेवर कापली जाते.

ओ-रिंग कुठून आणल्या? हायड्रोलिक नळ्यांच्या दुकानातून मापाने आणल्या असतील तर त्या बहुधा नायट्राइल या साध्या रबराच्या आहेत. नायट्राइल १००–१२० अंशांच्या पुढे काही तासांत कडक होतं. इथे व्हायटॉन हे उष्णता सोसणारं रबर हवं, ते २०० अंशांच्या आसपास टिकतं आणि पेट्रोल-तेलाने फुगत नाही. पाइपमधला गॅस ६०० अंशांच्या पुढे असतो, मग व्हायटॉन तरी कसं टिकतं? फ्लँज पाण्याने थंड होणाऱ्या सिलिंडरला घट्ट बसलेला असतो आणि त्याची उष्णता तिकडे जाते, म्हणून. याचाच अर्थ, फ्लँज सिलिंडरवर ढिला असेल तर उष्णता जायला वाट नाही, रिंग जळते आणि दोष रिंगला मिळतो. काढलेली जुनी रिंग वाकवून बघा. काचेसारखी तडकली तर उष्णतेने मेली. मऊ आहे पण एका बाजूने चपटी किंवा कापलेली असेल, तर पाइप तिरका बसतोय.

फ्लँजची सिलिंडरकडची बाजू जाड काचेवर ठेवून ०.०५ ची फिलर पट्टी आत जाते का बघा. जात असेल तर त्याच काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर लावून आठच्या आकड्यात घासून सपाट करा. पोर्टात चिंधी कोंबायला विसरू नका आणि जुनं गॅस्केट खरवडताना अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पाडू नका. सिलिंडरमधले आटे गेले असतील तर जाड बोल्ट ठोकू नका, हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवा. बोल्ट आलटून-पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासा, कारण नवीन गॅस्केट पहिल्या तापण्यात बसतं आणि बोल्ट थोडे सैल होतात. ही दुसरी फेरी बरेच जण गाळतात.

यानंतर माउंटिंग. तुमच्या गळतीचं कारण सील नसेल, तर माझा पहिला संशय इथे आहे. पाइप फ्लँजवर स्प्रिंगांनी धरलेला असतो तो मुद्दाम. इंजिन थरथरतं, पाइप तापून लांबतो, आणि जोडाला थोडी हालचाल मिळाली पाहिजे. मागचं माउंटिंग चुकीच्या जागी असेल तर बोल्ट आवळताना पाइप वाकडा ओढला जातो आणि ओ-रिंगच्या एका बाजूवर कायमचा भार येतो. इंजिनात उंच बेस प्लेट किंवा बदललेले सिलिंडर असतील तर फ्लँजची उंचीच बदललेली असते, मग मूळ मापाने केलेला पाइप कधीच सरळ बसत नाही. आधीच्या मालकाला इंजिनाबद्दल जरूर विचारा.

बसवायचा क्रम असा ठेवा. सगळी माउंटिंग ढिली. आधी पाइप हाताने फ्लँजवर पूर्ण चढवा. कसलीही पहार, कसलाही हातोडा न लावता तो चढला पाहिजे. मग स्प्रिंगा. त्यानंतर माउंटिंगचा बोल्ट बोटांनी भोकात जातो का बघा. जात नसेल तर वॉशर घाला, पट्टीचं भोक लांबट करा, नाहीतर पट्टी कापून नव्या जागी वेल्ड करा. माउंटिंगचे रबर दगडासारखे झाले असतील तर बदला. माउंटिंग सर्वात शेवटी आवळायचं. मी काम झाल्यावर पुन्हा स्प्रिंगा काढतो. पाइप जागेवरून उडी मारून बाजूला गेला तर तो अजून ताणात आहे, आणि मी सगळं परत ढिलं करतो.

स्प्रिंगा ताणल्या गेल्या असतील, बसवलेल्या अवस्थेत वेटोळी सैल वाटत असतील, तर दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. नवीन स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत थोडं सिलिकॉन भरलं की त्यांची थरथर कमी होते आणि आकड्यापाशी तुटत नाहीत. सिलिकॉनचा या कामात मला सर्वात खात्रीचा वाटणारा उपयोग हाच.

पाइपला चीर असेल तर ती बहुधा माउंटिंगच्या पट्टीजवळ किंवा डोक्याजवळच्या वेल्डला असते. पत्रा साधारण १ मिलिमीटरचा, म्हणून टिग वेल्डिंग करणारा हलक्या हाताचा माणूस शोधा. चिरेच्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटरची भोकं पाडून घ्या, नाहीतर वेल्डच्या पुढे चीर धावते. आतलं तेल आधी पूर्ण काढायला हवं. इथे एक धोक्याची गोष्ट आहे: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने धुतलेल्या वस्तूवर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावर क्लोरीन नसलेला असं लिहिलेलं असेल तरच तो वापरा, आणि तरीही धुतल्यानंतर पूर्ण वाळू द्या. गरम इंजिनावर तर कुठलाही क्लीनर मारू नका.

सायलेन्सरचं पॅकिंगही एकदा काढून बघा. तेलाने चिंब झालं असेल तर बदला. चिंब पॅकिंगमुळे पाइपमध्ये दाब आणि उष्णता अडकते आणि पुढच्या जोडावर त्याचा भार येतो.

आणि आता सिलिकॉन. वर सांगितलेलं सगळं जमलं असेल तर कोरड्या व्हायटॉन रिंगांवरही जोड टिकतो. तरीही लावायचं असेल तर उच्च तापमानाचं तांबड्या-तपकिरी रंगाचं, कॉपर म्हणून मिळतं ते घ्या. रिंगांवर बोटाने पुसल्यासारखा पातळ थर, बस. पाइप चढवा, जादा पुसून टाका, आणि चोवीस तास गाडीला हात लावू नका. सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि मऊ पडतं, त्यामुळे ओलं असतानाच इंजिन सुरू केलं तर ते पहिल्या दहा मिनिटांत निकामी होतं. तुम्ही लावलेलं भरपूर सिलिकॉन बहुधा असंच गेलं असावं. पाइपच्या आत त्याचे लोंबते तुकडे राहिले असतील तर पुन्हा जोडण्याआधी खरवडून काढा.

थोडक्यात कामाचा क्रम सांगतो, कारण लिहिता लिहिता लांबलं: धुऊन पावडर, दोन्ही प्लग आणि गिअर ऑइल, प्रेशर टेस्ट, मग पाइपची फट आणि माउंटिंग, मग नवीन गॅस्केट, व्हायटॉन रिंगा आणि स्प्रिंगा. जेटला हात सर्वात शेवटी. गळक्या जोडावर किंवा गळक्या सीलवर केलेलं जेटिंग दुरुस्तीनंतर परत करावंच लागतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. प्रेशर टेस्ट पास झाली, आरपीएम टांगून राहत नाहीत, गिअर ऑइल घटत नाही, आणि फक्त जोड ओला होतो, अशी स्थिती असेल तर अल बदायरला हलकी फेरी मारायला हरकत नाही. परत आल्यावर जोड पुसत चला, म्हणजे रेतीचा लेप फ्लँज खाणार नाही. टेस्ट फेल झाली तर सील बदलेपर्यंत गाडी उभीच ठेवा. उजवं सील बदलायला क्लचची बाजू उघडावी लागते. बान्शीची काही सीलं कडेने केसिंगच्या खोबणीत बसणारी असतात, ती केसिंग न उघडता बाहेरून ठोकून बसवणारेही भेटतील. तसं करू देऊ नका.

लिवासाठी एक वेगळी सूचना. तिथल्या तल मोरीब या रेतीच्या उंच टेकडीच्या चढणीवर इंजिन बराच वेळ पूर्ण थ्रॉटलला राहतं आणि लोक बहुधा थंडीच्या रात्री तिथे चढतात. दुपारच्या उन्हात शारजात लावलेला जेट त्या थंड हवेत लीन पडतो. एक नंबर मोठे मेन जेट सोबत न्या, रात्री तेच लावून सुरुवात करा, आणि पहिल्या पूर्ण चढणीनंतर इंजिन लगेच बंद करून दोन्ही प्लगचा रंग बघा. तुमच्या दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट नंबर, प्लगचे फोटो आणि फ्लँजची तिन्ही मापं इथे टाका, मग उजव्या बाजूचं नक्की काय ते सांगता येईल.